फ्रिज इन्व्हर्टरवर बंद का पडतो? आधी तांब्याचा हिशेब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोटरहोममध्ये तुम्ही २४० लिटरचा घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिज बसवलाय. १२ व्होल्टच्या, १०० अँपियर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या गाडीच्या मागच्या कप्प्यात आहेत आणि बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरासारखे २३० व्होल्ट करणारा १००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर फ्रिजशेजारच्या कपाटात. मधलं अंतर ५ मीटर. पॉझिटिव्हला १६ स्क्वेअर एमएमची केबल ओढलीय, निगेटिव्ह जवळच चॅसीला बोल्ट केलाय. बाहेरच्या लाईनवर, म्हणजे गाडी उभी करून बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टवर, फ्रिज झकास चालतो. इन्व्हर्टरवर घेतला की कधी चालतो, कधी इन्व्हर्टर टी-टी करून बंद पडतो, आणि पहाटे तर हमखास पडतो. फ्रिजवर ११० वॅट लिहिलेत, मग १००० वॅट कमी कसे पडतात? २००० वॅटचा घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला इन्व्हर्टरचा दोष दिसत नाही. तो बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष बहुधा बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या ५ मीटरमध्ये आहे.

फ्रिजवरचे ११० वॅट हा चालत्या कॉम्प्रेसरचा आकडा. थांबलेली मोटर फिरायला लागते त्या क्षणी ती नेहमीच्या पाच ते दहा पट करंट ओढते. अर्धा-एक सेकंदाचा मामला असतो, पण तेवढ्यात इन्व्हर्टरला १००० वॅटच्या आसपास किंवा त्याहून जास्त द्यावे लागतात. चांगला इन्व्हर्टर ते देतोही, पण ते त्याला बॅटरीकडून आणावे लागतात, आणि १२ व्होल्टवर १००० वॅट म्हणजे इन्व्हर्टरचा स्वतःचा तोटा धरून ९५ अँपियर. झटका जरा मोठा असेल तर १२० अँपियर. घरात २३० व्होल्टवर ज्या मोटरला सुरू व्हायला ५ अँपियर लागतात, तिच्यासाठी बॅटरीच्या बाजूला वेल्डिंग मशीनसारखा करंट वाहतो.

आता तुमच्याच केबलचं गणित करू. तांब्याचा रोध काढायचा तर ०.०१७५ ला मीटरमधल्या लांबीने गुणायचं आणि स्क्वेअर एमएमने भागायचं. उत्तर ओहममध्ये येतं. लांबी नेहमी जाऊन-येऊन धरायची, म्हणजे ५ मीटर अंतराला १० मीटर. तुमची परतीची वाट चॅसीतून आहे, पण तूर्त तीही तेवढीच चांगली धरू. १६ स्क्वेअरला ०.०१०९ ओहम आले. १२० अँपियर वाहिले की या केबलमध्येच १.३ व्होल्ट पडतात. बॅटरी पहाटेपर्यंत अर्धी झालेली असते. अशा झटक्याला ती स्वतःच १२.२ वरून ११.७ च्या आसपास खाली बसते. त्यातून १.३ वजा करा. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर उरतात १०.४. बहुतेक १२ व्होल्टचे इन्व्हर्टर ११ ला ओरडतात आणि १०.५ ला बंद होतात. पहाटेच्या टी-टीचा उलगडा इथेच होतो. बॅटरी भरलेली असताना तुम्ही जेमतेम काठावरून सुटता, बॅटरी उतरली की पडता.

त्यात आणखी एक मेख आहे. इन्व्हर्टरला ठरावीक वॅट बाहेर द्यायचे असतात, त्यामुळे आत येणारं व्होल्टेज जितकं घसरतं तितका तो जास्त करंट ओढतो. जास्त करंट ओढला की केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. घसरण एकदा सुरू झाली की ती स्वतःलाच ढकलत नेते. मोटर मात्र ढिम्म.

हा दोष सहसा सापडत का नाही, तेही सांगतो. फ्रिज चालू असताना लोक मीटर लावतात. चालत्या फ्रिजला बॅटरीकडून साधारण १० अँपियर जातात. तेवढ्याला तुमच्या केबलमध्ये ०.११ व्होल्ट पडतात. मीटर म्हणतो सगळं ठीक, केबल हाताला थंड लागते, आणि संशय इन्व्हर्टरवर जातो. मीही सुरुवातीच्या काळात असाच फसलो होतो. एका गाडीत इन्व्हर्टर सदोष समजून बदलला. नवाही तसाच बंद पडला. अख्खा दिवस घालवल्यावर दिसलं की इन्व्हर्टरच्या बोल्टवर आधी स्टेनलेसचा वॉशर आणि त्यावर केबलची लग (टोकाला दाबलेली तांब्याची कडी) बसवली होती. म्हणजे सगळा करंट वॉशरमधून. स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने फारच वाईट वाहक. लग थेट टर्मिनलच्या सपाट तांब्या-पितळेवर बसली पाहिजे, वॉशर तिच्या वर आणि नट त्याच्या वर. ती चूक मी स्वतःच केली होती, म्हणून अजून लक्षात आहे.

तेव्हा मोजायचं ते झटक्याच्या क्षणी, आणि तेही तुकड्यातुकड्याने. मिनिमम-मॅक्सिमम पकडणारा साधा मल्टिमीटर चालतो, पण तो जितका चपळ तितकं बरं. डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंट्यावर, दुसरा इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. वायर लांब लागेल, जोडून घ्या. फ्रिज सुरू करा आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. मग तसंच निगेटिव्हच्या बाजूने. हे दोन आकडे म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. दोन्ही मिळून ०.३ च्या आत असले तर तुमची वाट स्वच्छ आहे. माझा अंदाज आहे की तुमचा निगेटिव्हचा आकडा पॉझिटिव्हपेक्षाही वाईट निघेल, कारण तो चॅसीतून येतोय. चॅसीचं लोखंड जाडजूड असतं, लोखंडाचा तितका प्रश्न नाही. प्रश्न सांध्यांचा. बोल्टखाली रंग असतो, गंज असतो, आणि घराचा सांगाडा गाडीच्या फ्रेमला कुठे कसा जोडलाय हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. दिव्यापंख्यांना ते चालून जातं. १२० अँपियरला नाही. इन्व्हर्टरचा निगेटिव्ह पॉझिटिव्हइतक्याच जाड स्वतंत्र केबलने थेट बॅटरीकडे न्यायचा.

उपाय दोन आहेत. पहिला, ५ मीटर तसेच ठेवून केबल ९५ स्क्वेअरची करायची. महाग, जड, आणि कोपऱ्यात वळता वळत नाही. दुसरा, इन्व्हर्टर उचलून बॅटरीजवळ न्यायचा. मी डोळे झाकून दुसरा निवडेन. बॅटरीपासून १ मीटरवर इन्व्हर्टर ठेवला आणि ५० स्क्वेअरची केबल वापरली तर १२० अँपियरला जाऊन-येऊन ०.०८ व्होल्ट पडतात. १.३ वरून ०.०८! लांब पल्ला २३० व्होल्टच्या बाजूला जाऊ द्या. तिथे ५ अँपियरचा झटका, १.५ स्क्वेअरची वायर, ५ मीटर अंतर, ०.६ व्होल्ट पडतात, आणि २३० मधून ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. १२० व्होल्टची व्यवस्था असेल तर करंट दुप्पट, तरीही फरक नगण्यच.

एक अट आहे. तुमच्या बॅटऱ्या पाणी घालायच्या असतील तर त्यांच्याच बंद कप्प्यात इन्व्हर्टर ठेवू नका. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो आणि इन्व्हर्टरमध्ये रिले, पंखा, ठिणगी सगळंच असतं. मध्ये एक घट्ट पडदी हवी, बॅटरीच्या कप्प्याला बाहेर वरच्या बाजूने झरोका हवा, आणि केबल जाते तिथलं भोक रबरी ग्रोमेट घालून बुजवलेलं हवं. इन्व्हर्टरच्या बाजूलाही मोकळी हवा लागते. गरम झाला की त्याची ताकद उतरते. पेटीवरचे १००० वॅट हे साधारण २५ अंश तापमानाचे असतात, उन्हात उभ्या गाडीच्या बंद कपाटातले नव्हेत.

केबल घेताना कापून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते, विशेषतः गाडीच्या साउंड सिस्टिमसाठी म्हणून. बाहेरून लालबुंद, कानशीने तार घासली की आत पांढरी. वजनालाही हलकी. ती त्याच जाडीला बरीच कमी वीज वाहते आणि लगखाली कालांतराने ढिली पडते. बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल घ्या. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेली लग दिसायला घट्ट, कामाला ढिली. सोल्डरच्या भानगडीत पडू नका. सोल्डर तारांतून वर चढतो, केबलचा तो तुकडा काडीसारखा कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने नेमका तिथेच तुटतो.

आता फ्यूज. इथे मी थोडा कडक बोलतो, कारण फ्यूजशिवाय ओढलेली जाड केबल मी बऱ्याच गाड्यांत बघितली आहे आणि मालकाला रात्री झोप कशी लागते हे मला कळत नाही. फ्यूज इन्व्हर्टरला वाचवायला नसतो, केबलला आग लागू नये म्हणून असतो. म्हणून तो इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. गाडी हादरून केबल पत्र्याला घासली आणि फ्यूज त्या जागेच्या पलीकडे असला, तर तो नुसता साक्षीदार. आकार असा काढा: १००० वॅटला ९५ अँपियर, त्यावर पाव वाढवा, १२० च्या जवळ येतं. १५० चा फ्यूज घ्या. ५० स्क्वेअरची केबल त्याहून जास्त सहज वाहते, म्हणजे केबलच्या आधी फ्यूज जातो. २००० वॅटचा इन्व्हर्टर असता तर २५० चा फ्यूज आणि ७० स्क्वेअरची केबल म्हटलं असतं.

फ्यूजचा प्रकारही बघा. लेड-ॲसिडला एएनएल जातीचा पट्टी-फ्यूज पुरतो. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेटवर गेलात तर तो बदला. लिथियम बॅटरी शॉर्टला काही हजार अँपियर फेकू शकते आणि फ्यूज वितळला तरी आत आर्क, म्हणजे विजेची ज्योत, जळत राहिला तर करंट थांबत नाही. एएनएल साधारण ६००० अँपियरपर्यंत सुरक्षितपणे तोडतो, क्लास-टी ही फ्यूजची दुसरी जात २०,००० पर्यंत. लिथियमला क्लास-टीच लावा, इथे काटकसर नको. फ्यूजच्या पुढे बॅटरी पूर्ण सुटी करणारा एक आयसोलेटर स्विच हवा, जो रात्री अंधारातही हाताला लागेल.

पहिल्यांदा केबल जोडताना फट्कन ठिणगी उडेल. घाबरू नका, इन्व्हर्टरमधले मोठे कपॅसिटर रिकामे असतात, ते एकदम भरतात. पण दर वेळी तसं केलं तर स्विचचे कॉन्टॅक्ट खातं, आणि लिथियमचा बीएमएस (बॅटरीतलं रक्षक सर्किट) त्यालाच शॉर्ट समजून बॅटरी बंद करतो. २५ ते ५० ओहमचा, काही वॅटचा रेझिस्टर स्विचच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवायचा, मग स्विच टाकायचा. ठिणगी नाही, कटकट नाही.

बॅटरीच्या बाजूचं झालं. २३० च्या बाजूला मात्र चूक झाली तर फ्रिज बंद पडण्यापेक्षा वाईट काहीतरी होतं, म्हणून सावकाश वाचा.

इन्व्हर्टरचा आउटपुट आणि बाहेरची लाईन कधीही, कोणत्याही परिस्थितीत एकमेकांना भेटता कामा नयेत. दोन्ही बाजूंना प्लग असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज गाडीच्या कोणत्याही सॉकेटमध्ये मागून देणारे महाभाग असतात. बाहेरची लाईन जोडली की इन्व्हर्टर त्याच क्षणी जळतो, आणि लाईन नसताना बाहेर लोंबणाऱ्या प्लगच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. मधे चेंजओव्हर (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच) पाहिजे, आणि तो फेज-न्यूट्रल दोन्ही बदलणारा, म्हणजे डबल पोल. हाताचा चालतो, ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच असला तर उत्तम. इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात असलेली यंत्रं येतात, त्यांत हे आतच असतं.

या चेंजओव्हरवर फक्त फ्रिजचं सर्किट घ्या. अख्खी गाडी इन्व्हर्टरवर टाकायचा मोह होतो, मग त्यात बॅटरी चार्जरही येतो. इन्व्हर्टर बॅटरीतून वीज काढून चार्जरला देतो, चार्जर तीच वीज बॅटरीत भरतो, आणि प्रत्येक फेरीत काही भाग उष्णतेत जातो. सकाळी बॅटरी सपाट, आणि मालक म्हणतो, ‘पण चार्जर तर रात्रभर चालू होता!’

न्यूट्रल आणि अर्थिंगचा मुद्दा सगळ्यांत जास्त गोंधळाचा आहे. घरात न्यूट्रल कुठेतरी पुरवठ्याच्या मुळाशी अर्थला जोडलेला असतो, म्हणूनच यंत्राच्या पत्र्यावर फेज आला की करंट अर्थमधून परत जातो आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. पुष्कळशा साध्या इन्व्हर्टरचा आउटपुट तरंगता असतो, म्हणजे दोन्ही तारा अर्थपासून सुट्या. तिथे आरसीसीबी लावला तरी पहिला दोष त्याला दिसतच नाही, कारण करंटाला परतीची वाट नसते. म्हणून इन्व्हर्टरवर चालताना त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल गाडीच्या अर्थला, म्हणजे चॅसीला, एकाच ठिकाणी जोडलेला हवा. आणि बाहेरची लाईन आली की ती जोडणी सुटायला हवी, कारण तिथला न्यूट्रल आधीच त्यांच्या मुळाशी जोडलेला आहे. दोन ठिकाणी जोडला तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरमधून वाहायला लागतो आणि बाहेरच्या पॅनेलचा आरसीसीबी उगाच पडतो. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये हे काम आतला रिले करतो. तुमच्याकडे सुटा इन्व्हर्टर आहे, तर इन्व्हर्टर आणि चेंजओव्हर यांच्या मधे, इन्व्हर्टरच्या बाजूला ही जोडणी करतात. डबल पोल चेंजओव्हर असल्यामुळे बाहेरच्या लाईनला ती दिसत नाही.

पण थांबा, पाना हातात घ्यायच्या आधी इन्व्हर्टरचं माहितीपुस्तक वाचा. काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये एक तार न्यूट्रल नसतेच; चॅसीच्या मानाने दोन्ही तारांवर निम्मं निम्मं व्होल्टेज असतं. त्यातली एक तार अर्थला जोडली की इन्व्हर्टरचा धूर होतो. पुस्तकात न्यूट्रल जोडायची परवानगी स्पष्ट दिलेली नसेल तर जोडू नका, आणि तो इन्व्हर्टर पक्क्या वायरिंगसाठी वापरूही नका. हा एवढा भाग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला कमीपणा मानू नका. मीही दुसऱ्याकडून तपासून घेतो.

इन्व्हर्टरच्या पत्र्याला अर्थिंगचा बोल्ट असतो, तोही चॅसीला जाड वायरने जोडायचा. बारीक हिरव्या वायरने नव्हे. आत काही बिघडून बॅटरीचा पॉझिटिव्ह पत्र्याला लागला तर तिथून शेकडो अँपियर जातील आणि फ्यूज उडेपर्यंत ती वायर टिकली पाहिजे. फ्रिजपर्यंतची वायर बारीक तारांची लवचिक घ्या. घरातली एकतारी वायर गाडीत थरथरून सांध्यापाशी तुटते.

आता तुमच्या मूळ मोहाकडे, म्हणजे २००० वॅटकडे. मोठा इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाही वीज खातो. १००० वॅटचा बरा इन्व्हर्टर रिकामा १० वॅटच्या आसपास, २००० चा २० ते २५. चोवीस तास चालू ठेवायचाय म्हटल्यावर २५ वॅट म्हणजे रोजचे ६०० वॅट-अवर, आणि तुमच्या आकाराचा फ्रिज दिवसाला साधारण ९०० खात असेल. दारात पाहुणा उभा केल्यासारखा हा खर्च. इन्व्हर्टर निवडताना वॅटपेक्षा त्याचा सर्ज (झटक्याला देता येणारे जास्तीचे वॅट) किती आणि किती वेळ, हे बघा. हलके, हाय फ्रिक्वेन्सीचे इन्व्हर्टर दुप्पट वॅट लिहितात खरे, पण काही जण ते क्षणभरच देतात. जड ट्रान्सफॉर्मरवाले काही सेकंद तग धरतात, आणि मोटरला तेच हवं असतं. केबल सुधारूनही तुमचा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून पडला (कमी व्होल्टेज दाखवून नव्हे, हा फरक नीट बघा), तर मात्र मोठा घ्या. उलट, पुढे कधी फ्रिज बदलायची वेळ आली तर ‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसर’चा, म्हणजे कमी-जास्त वेगाने फिरणाऱ्या मोटरचा घ्या. तो हळूहळू वेग घेतो, झटका नाहीच.

तुमचा इन्व्हर्टर प्युअर साइन आहे हे बरं झालं. मॉडिफाइड साइनवर (गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांच्या विजेवर) मोटर गुरगुरते, जास्त तापते आणि फ्रिजच्या कार्डाला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, ते सोसेलच असं नाही. जाता जाता: स्वस्त मल्टिमीटर मॉडिफाइड साइनचं व्होल्टेज चुकीचं, बरंच कमी दाखवतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

इन्व्हर्टरवर पॉवर सेव्ह किंवा सर्च मोड असेल तर बंद करा. त्या मोडमध्ये तो अधूनमधून डोकावून बघतो, कोणी मोठा लोड मागतोय का. तुमच्या फ्रिजचं कार्ड दोन-चार वॅटच घेतं, तेवढ्याने तो जागा होत नाही. कार्डाला वीज नाही म्हणून ते कॉम्प्रेसरला हाक मारत नाही. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात आणि दूध नासतं. आणखी एक, इन्व्हर्टर पडल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका. कॉम्प्रेसर नुकताच थांबलेला असतो, गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा झालेला नसतो. त्या दाबाविरुद्ध मोटर उठतच नाही, अडकते, पूर्ण झटका ओढत राहते, आणि शेवटी मागच्या बाजूला ओव्हरलोड प्रोटेक्टर कट् करतो. तुमचा इन्व्हर्टर एकदा पडला की लागोपाठ पडतो तो यामुळेच असणार. ५ मिनिटं थांबा. फ्रिजला स्वतःची टाइम-डिले नसेल तर मधे एक लावून घ्या, छोटासा डबा असतो.

डीफ्रॉस्टचंही भान ठेवा. तुमचा फ्रॉस्ट-फ्री असल्यामुळे दिवसातून काही वेळा आतला हीटर लागतो, फ्रिजच्या आकारानुसार १५० ते ५०० वॅट, अर्धा तासभर. इन्व्हर्टरला हे जड नाही, पण उतरलेल्या बॅटरीवर पहाटे हीटर लागला तर व्होल्टेज आणखी खाली बसतं.

आता बॅटरीचा हिशेब. अंदाज करण्यापेक्षा प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर लावून फ्रिज दोन दिवस बाहेरच्या लाईनवर मोजा, उकाड्यात मोजलात तर आणखी चांगलं. समजा ९०० वॅट-अवर आले. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर १०२०, वर त्याचं रिकामं खाणं २४०. एकूण १२६०, म्हणजे १२ व्होल्टने भागून १०५ अँपियर-अवर रोज. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून २०० आहेत, आणि लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर ती फार दिवस साथ देत नाही. म्हणजे हाताशी १००, आणि फ्रिजच १०५ मागतो. दिवा, पंप, पंख्याला काही उरत नाही. तेवढीच लिथियम असती तर ८० टक्के वापरता येते, १६०. शिवाय झटक्याला ती लेड-ॲसिडइतकी खाली बसत नाही, त्यामुळे तुमचा पहाटेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला असता. फक्त तिला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही, आणि अल्टरनेटरला थेट जोडायचं नाही; ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मधे डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन बॅटरी भरणारा) घाला. ३० अँपियरचा असेल तर तीन तास गाडी चालवली की ९० अँपियर-अवर, फ्रिजचा दिवस बराचसा निघाला.

दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, कर्णासारखं. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती बिचारी जास्त राबते आणि आधी मरते.

तुम्ही शेवटी विचारलंत की पूर्वीचा गॅसवरचा फ्रिज काढला ही चूक झाली का. तो ॲबसॉर्प्शन फ्रिज; बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या पद्धतीचा. त्यात मोटरच नाही, नुसत्या उष्णतेवर चालतो, म्हणून झटका वगैरे प्रश्नच नव्हता. पण गाडी कलती उभी केली की तो रुसतो, उन्हाळ्यात थंड होता होत नाही, आणि १२ व्होल्टवर सतत १५० वॅट किंवा जास्त खातो. चूक नाही झाली. फ्रिज १०० लिटरचा पुरला असता तर मी १२ व्होल्टचा डीसी कॉम्प्रेसर फ्रिज सुचवला असता, इन्व्हर्टरचीच गरज संपली असती. २४० लिटर हवाय म्हटल्यावर तुमचा मार्ग बरोबर आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आधी आहे त्याच वायरिंगवर वर सांगितलेले दोन आकडे घ्या, पॉझिटिव्हचा आणि निगेटिव्हचा. मग इन्व्हर्टर मागे हलवा, दोन्ही केबल ५० स्क्वेअरच्या करा, फ्यूज लावा, आणि तेच दोन आकडे पुन्हा घ्या. चाचणी मुद्दाम वाईट परिस्थितीत करा: बॅटरी अर्धी, फ्रिज आतून गरम, दुपारची वेळ. सलग दहा वेळा, प्रत्येक वेळी मधे ५ मिनिटं थांबून सुरू करा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने बघा. नवीन केबल दबते आणि नट एक पाव फेरा घेतोच. पाना फिरवण्याआधी आयसोलेटर बंद करा आणि हातातली अंगठी-कडं काढून ठेवा.